कावळा, फांदी आणि मागच्या चाकातला आवाज

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. ही म्हण आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण घरातल्या कोणी स्वतःच्या हाताने मोटरसायकल उघडली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातून एखादा नवा आवाज यायला लागला, की म्हण विसरून सगळे कावळ्याच्या मागे लागतात. "तरी सांगत होतो, मेकॅनिककडे दे." झालं, खटला संपला. पुरावा नको, साक्षीदार नको. गाडी सुरू करून तो आवाज ऐकायचीसुद्धा गरज नाही.

माझं म्हणणं ह्याच्या बरोबर उलटं आहे आणि आज मी ते जरा तावातावानेच मांडणार आहे. स्वतः काम केल्यावर गाडीतून अनोळखी आवाज आला, तर तो शोधून काढायला सगळ्यात लायक माणूस आपण स्वतःच असतो. कारण साधं आहे. काल कुठला नट उघडला, कुठला तसाच ठेवला, कुठला पार्ट नवा घातला ही यादी फक्त आपल्याकडे असते. मेकॅनिक कितीही हुशार असो, गाडी त्याच्या दारात जाते तेव्हा ही यादी त्याच्याकडे नसते. आणि आपण नेमकं काय करतो? यादी खिशात घालून, मान खाली घालून, गाडी ढकलत त्याच्याकडे जातो.

आमच्या धंद्यात असं कोणी केलं तर टीममध्ये हसं होईल. शुक्रवारी रात्री नवा रिलीज टाकला आणि सोमवारी काहीतरी बिघडलं, तर आधी विचारतात, "काय काय बदललं होतं?" बदल केलेल्या माणसालाच बोलावतात, कारण त्याला माहिती जास्त. आणि ज्याने चार वर्षं तरी काढली आहेत त्याला हेही ठाऊक असतं, की दहातल्या काही वेळा बग जुनाच निघतो. नव्या कोडने फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढलेलं असतं.

मोटरसायकलमध्येही हे होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. जुनी चेन सैल होऊन खळखळत असते, स्प्रॉकेटचे दात झिजलेले असतात, आणि त्या गोंगाटाखाली दोन-तीन छोटे आवाज सुखाने नांदत असतात. चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलला की गोंगाट थांबतो आणि खालचे आवाज ऐकू यायला लागतात. आपल्याला वाटतं नवा आवाज सुरू झाला. तो नवा नसतो हो, अनोळखी असतो. ह्या दोन शब्दांतला फरक कळला तर निम्मं काम झालं.

माझ्याच गाडीचं उदाहरण देतो. दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी. नाना पेठेतून चेन-स्प्रॉकेटचा सेट आणला, एका शनिवारी घराखाली बसून बदलला. खळखळ गेली. पण दुसऱ्या दिवशी रेस सोडताना आणि परत देताना मागून "ठक्क" असा एक आवाज यायला लागला. एकदाच, घट्ट, कोणीतरी लाकडी दारावर टिचकी मारावी तसा. शेजारच्या काकांपासून ऑफिसातल्या पार्किंगपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: चेन चुकीची बसवलीस.

आता आवाजाबद्दल थोडं बोलू, कारण सगळी मजा तिथे आहे. आवाजाचं वर्णन करायला मराठीइतके शब्द आपल्या हाताशी असताना आपण मेकॅनिककडे जाऊन सांगतो काय, तर "आवाज येतोय". अरे कसला? खरखर आहे, की घरघर, की ठकठक? हे शब्द नुसते नादासाठी नाहीत, प्रत्येकामागे एक यंत्रणा आहे. खरखर म्हणजे काहीतरी घासतंय, बहुतेक ब्रेकचा लायनर नाहीतर चेन-कव्हर. घरघर वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंगवर संशय घ्यावा. करकर आणि किरकिर कोरड्या जागेची असते. खुळखुळ सैल बोल्टची. आणि ठक म्हणजे दोन भागांमध्ये मोकळी जागा आहे आणि ती एका झटक्यात भरली जातेय.

शब्द ठरला की दुसरा प्रश्न: हा आवाज कशाच्या तालावर नाचतोय? गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, रेस दिली की आवाज वाढतो? मग भानगड इंजिनाकडे आहे आणि चाकाकडे बघण्यात अर्थ नाही. उतारावर क्लच दाबून, इंजिन नुसतं सुरू ठेवून गाडी घरंगळताना आवाज वेगाबरोबर कमी-जास्त होतो? मग चाक, ब्रेक, बेअरिंग, चेन. ब्रेक दाबल्यावर बदलतो? मग ब्रेक. ह्या तीन प्रश्नांना एक रुपया लागत नाही आणि शंभरातल्या साठ-सत्तर शंका इथेच गळून पडतात, असा माझा अंदाज.

तिसरी पायरी गणिताची, आणि ती मला सगळ्यात आवडते. माझ्या गाडीला मागे १००/९०-१७ चा टायर आहे. म्हणजे चाकाचा व्यास साधारण ६१ सेंटिमीटर आणि परीघ १.९२ मीटर. ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ ३ फेऱ्या मारतं. मागचं स्प्रॉकेट ४३ दातांचं, पुढचं १५ दातांचं, म्हणजे पुढचं सेकंदाला ८ वेळा फिरतं. आणि चेन आहे १२० कड्यांची, म्हणून चेनची एक पूर्ण फेरी व्हायला चाकाच्या जवळजवळ पावणेतीन फेऱ्या लागतात. थोडक्यात, २० च्या वेगाला सेकंदाला साधारण एकदा येणारा आवाज चेनमधल्या एखाद्या कडीचा किंवा लॉकचा. तीनदा येणारा मागच्या चाकाचा किंवा मागच्या स्प्रॉकेटचा. आठदा येणारा पुढच्या स्प्रॉकेटचा. मित्राला मागे बसवा, स्पीडोमीटर २० वर धरा आणि त्याला मोजायला सांगा. बारावीतल्या फिजिक्सचा एवढा थेट उपयोग मला नोकरीत एकदाही झालेला नाही :)

माझा "ठक्क" ह्यातल्या कुठल्याच तालात बसत नव्हता. तो फेऱ्यांबरोबर येतच नव्हता, रेस देता-सोडताना एकदा येत होता. म्हणजे फिरणारा एखादा भाग खराब असल्याचा हा आवाज नव्हे. ओढ उलटी झाली की येणारा आवाज. रेस देताना इंजिन चाकाला ओढतं आणि रेस सोडली की चाक इंजिनाला ओढतं. ह्या साखळीत कुठेतरी मोकळी जागा होती.

आता इमानदारीचा भाग. कावळ्याची बाजू घेतोय म्हणून त्याची झडती घ्यायची नाही असं नाही. पहिला संशय काल हात लावलेल्या जागेवरच घ्यायचा, आणि ती झडती कोरड्या डोळ्यांनी घ्यायची. मागचं चाक काढलं असेल तर यादी अशी: ॲक्सलचा नट घट्ट आहे का. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का, नाहीतर चाक तिरकं बसतं. ड्रम ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी टॉर्क रॉड बसवली आहे का आणि तिच्या नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे का. ही रॉड सुटली तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच चाकाबरोबर फिरायला बघते, तिथे चेष्टा नाही. चेन-लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे का. चेन-कव्हर आणि साडी-गार्ड कुठे टेकत नाही ना. आणि चेनची ढील. ती एका जागी बघून भागत नाही. चाक हाताने फिरवत चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते त्या जागी मोजायची आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघायची. ही सगळी तपासणी इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवून. स्टँडवर गिअर टाकून फिरणाऱ्या चेनजवळ कापड किंवा बोट नेणारे महाभाग आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही.

माझ्या यादीत सगळं जागच्या जागी निघालं. मग मी ते केलं जे कुठलाही मेकॅनिक गिऱ्हाइकासाठी कधी करणार नाही, कारण त्याला ते परवडत नाही. जुना सेट मी फेकला नव्हता. तो परत चढवला. आमच्या भाषेत रिव्हर्ट. दीड तास गेला, हात पुन्हा काळे झाले. गाडी घेऊन बाहेर पडलो आणि कान देऊन ऐकलं. खळखळ परत आली होती, आणि त्या खळखळीच्या पोटात, रेस सोडली की, ठक्क. तोच. नवीन सेट लावायच्या आधीपासून तिथे होता.

मग पुढचं सोपं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअरमध्ये. चाक पुढे-मागे हलवलं आणि मागच्या स्प्रॉकेटवर नजर ठेवली. चाक हलत होतं आणि स्प्रॉकेट जागेवर. म्हणजे मोकळी जागा गिअरबॉक्समध्ये नाही, चेनमध्ये नाही, स्प्रॉकेट आणि हबच्या मध्ये आहे. तिथे असतात कपलिंग रबर, इंजिनाचा झटका चाकापर्यंत मऊ करून पोचवणारे. दिसायला अखंड होते. पण रबर वर्षानुवर्षं दाबून कडक होतं, चेपतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. नवे रबर दोनशे रुपयांच्या आत आले. नवी चेन परत चढवली. आवाज बंद.

आता दुसरी बाजू ऐका. हे सगळं करायच्या आधी मी गाडी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली होती. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, कारण हे उत्तर कुठल्याही गावात मिळेल. "सर, बाहेर काम केलंय ना, मग आम्ही काही सांगू शकत नाही. पूर्ण सेट आमच्याकडून टाकून घ्या." त्या माणसाने गाडी चालवली नाही, चाक हलवून बघितलं नाही. त्याने फक्त कावळा बघितला. त्याचं ऐकलं असतं तर एक कोरा सेट काढून दुसरा कोरा सेट बसला असता, अडीच-तीन हजार गेले असते आणि आवाज तसाच राहिला असता. मग पुढचं उत्तरही ठरलेलं आहे: "एवढा आवाज नॉर्मल आहे सर."

"नॉर्मल आहे" आणि "बाहेर काम केलंय" ही दोन वाक्यं म्हणजे आपल्या सर्व्हिस संस्कृतीचे दोन खांब आहेत. दोन्ही वाक्यं निदान करण्याऐवजी वापरली जातात. आणि दोन्ही चालतात, कारण गिऱ्हाईक स्वतःच आधी शरमलेलं असतं.

ही शरम येते कुठून? माझ्या मते ती घरातून येते. इंजिनिअर झालास आणि हात काळे करतोस? चांगली नोकरी असताना रस्त्यावर बसून पाने फिरवतोस, लोक काय म्हणतील? आपल्याकडे पांढरपेशा घरात हाताचं काम म्हणजे शिक्षण कमी पडल्याची शिक्षा. गंमत म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप हा विषय असतो. फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग. लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची. किती जणांनी ती खरंच स्वतः घासली, आणि किती जणांनी सीनियरकडून आयता जॉब आणून जमा केला, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. चार वर्षांनी यंत्रांची पदवी हातात पडते आणि स्वतःच्या गाडीचा ॲक्सल कुठल्या मापाच्या पान्याने उघडतो हे माहीत नसतं. मग आवाज आला की शरम वाटणारच. शरम अज्ञानाची वाटायला हवी, वाटते मात्र प्रयत्नाची.

दुसरं मूळ कंपन्यांच्या कपाटात आहे. गाडीबरोबरची पुस्तिका उघडून बघा. हवा किती, तेल कुठलं, चेनची ढील किती, इथपर्यंत ठीक. त्यापुढे दर दुसऱ्या पानावर "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा". कुठला नट किती घट्ट करायचा, कुठला रबर किती झिजला की बदलायचा, ही माहिती असते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये, आणि ते तुमच्या-आमच्यासाठी नसतं. गाडी माझी, आरसी बुकावर नाव माझं, आणि तिच्याबद्दलची माहिती दुसऱ्याच्या कपाटात बंद.

हे फक्त माझं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला, तो ह्याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारातल्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने बोट ठेवलं होतं. तो निकाल चारचाकीवाल्यांचा. पण तत्त्व दुचाकीला का लागू नये? पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने राईट टू रिपेअरसाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि मोबाईलसारख्या वस्तूंबरोबर वाहनंही होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झालं. पोर्टल चांगलंच आहे. पण मला हवं आहे ते एवढंच: गाडी विकताना तिच्या नटबोल्टांचे आकडे आणि झिजेच्या मर्यादा छापून द्या. चार पानांचा मामला आहे हो.

आता आक्षेप. माहीत आहेत मला.

पहिला: "आयटीत तासाला एवढे मिळवतोस, मेकॅनिकला पाचशे देऊन मोकळा हो ना." ह्या हिशोबाने मग स्वयंपाकही करू नये आणि पोराचा अभ्यासही घेऊ नये. शिवाय शनिवारच्या तासाचे मला कंपनी एक पैसाही देत नाही.

दुसरा: "मेकॅनिकच्या पोटावर पाय आणतोस." उलट. ज्याला स्वतः काम करून माहीत आहे तोच चांगल्या मेकॅनिकची किंमत करतो. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक टॅपेटचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेलं नाही, वीस वर्षं कान लावून मिळवलंय, आणि त्याला मी वाकून नमस्कार करतो. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. त्याच्याकडे जाताना "आवाज येतोय" म्हणून न जाता "रेस सोडताना ठक्क येतो, न्यूट्रलमध्ये येत नाही, चेन परवा बदलली, ढील तपासली" असं सांगत जा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमच्याशी तो वेगळ्या सुरात बोलतो, अनुभव घेऊन बघा.

तिसरा आक्षेप खरा आहे: सुरक्षितता. ह्यावर मी वाद घालणार नाही. आवाज ब्रेकमधून, चाकातून किंवा हँडलकडून येत असेल आणि कारण सापडत नसेल, तर गाडी जागची हलवायची नाही. मेकॅनिकला घरी बोलवा, टेम्पोत घाला, काहीही करा. पुढचा हायड्रॉलिक ब्रेक, फोर्क, इंजिनाचं पोट, ह्या जागांना शिकल्याशिवाय हात लावू नये. आणि मर्यादा वाढतच जाणार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, तिथे काही बिघाड स्कॅनरशिवाय बोलत नाहीत. पण चेन, ब्रेकचे लायनर, केबल, कपलिंग रबर ह्यांना अजून तरी कॉम्प्युटर लागत नाही. लागतात दोन-चार पाने, एक वही आणि धीर.

वहीचं विशेष सांगतो. काम करताना प्रत्येक उघडलेला नट तिच्यात लिहा. मोबाईलवर उघडायच्या आधीचा फोटो काढा. काढलेला जुना पार्ट निदान महिनाभर फेकू नका. कामाच्या आधी पाच मिनिटं गाडी चालवून, कान देऊन, तिचे सगळे आवाज लिहून ठेवा. मग नंतर आलेला आवाज नवा की अनोळखी, हा वाद घालायला काकांची गरज पडत नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी "तरी सांगत होतो" म्हणालं, की रागावू नका. किल्ली त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "कसला आवाज आहे? खरखर, घरघर की ठकठक?" बहुतेकांनी तो अजून ऐकलेलाही नसतो.